विटांचं वळण

मिस्त्रीने ग्राइंडर बंद केला आणि मडगार्डची कापलेली पट्टी पायाने बाजूला सारली. पिकअपच्या पुढच्या चाकांवर आता पत्रा म्हणावा असा उरलाच नव्हता. ताई गॅरेजच्या भिंतीशी उभी राहून बघत होती. गाडी तिच्या धाकट्या भावाची, कापणारा तिचा नवरा, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती आई वर डोंगरातल्या वस्तीवर अंथरुणाला खिळलेली.

नाल्याने वरचा रस्ता खाल्ल्यापासून तिथे नुसती धोंड्यांची रास होती. काल धाकटा जुन्या टायरांवर गेला आणि गाडीचं पोट धोंड्यावर आपटून हात हलवत परत आला. डोलीतून आणावी, तर दिवसभर हिंदकळत आई खाली जिवंत पोचणार नाही, हे तिघांनाही कळत होतं. वस्तीवरून चालत उतरलेल्या माणसाने निरोप दिला होता, “म्हातारीला आज-उद्या दवाखान्यात न्या, नाहीतर मग राहू द्या.”

म्हणून हे मोठे टायर. मोडीत निघालेल्या एका ट्रकचे. पोराने बापाचे बूट घालावेत तशी गाडी दिसत होती. असले टायर घालायचे तर आधी स्प्रिंगा बदलून गाडी वर उचलायची, ही रीत. पण ते सामान यायला आठवडा लागणार, आणि आईकडे आठवडा नव्हता.

“नाकापेक्षा मोती जड झालाय, मेहुणे,” मिस्त्री म्हणाला. “पण बसवू.”

त्याने मडगार्डची उरलेली आतली कड हातोड्याने ठोकून चपटी केली. गाडी सरळ छान चालली. स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं की मात्र टायर चेसिसला, गाडीच्या खालच्या सांगाड्याला, घासायचा आणि जळक्या रबराचा वास सुटायचा. मग मिस्त्री गाडीखाली शिरला. चाक वळून वळून जिथे अडतं, तिथल्या बोल्टखाली त्याने वॉशर सारले. चाक आता चेसिसला लागायच्या आधीच थांबणार होतं. धाकट्याने स्टेअरिंग या टोकाचं त्या टोकाला नेलं. आवाज नाही, वास नाही.

“भावजी, पाय धरू का तुमचे?” तो खिडकीतून ओरडला. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला बिचारा. ताईलाही क्षणभर वाटून गेलं, आणलीच आता आईला.

मग तिने विचारलं, “चाक पहिल्याएवढं वळतं का रे?”

“थोडं कमी,” धाकटा म्हणाला.

“थोडं म्हणजे किती?”

धोंड्यांची काळजी करता करता तिघेही खिंडीतलं वळण साफ विसरले होते. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. शाळेत जाता-येता ताईने ते वळण रोज तुडवलं होतं, तिच्या तळपायांना ते पाठ होतं. तिने कोपऱ्यातल्या विटा उचलल्या आणि पावलं टाकत अंगणात मांडायला घेतल्या. आतली ओळ कड्याची, बाहेरची ओळ दरीची.

“इथे कडा,” ती म्हणाली. “आणि इथे संपलं.”

धाकट्याने गाडी वळवली. बाहेरचं चाक विटांवर चढलं आणि विटांचा भुगा झाला. तिने दुसऱ्या विटा ठेवल्या, त्यांचाही झाला.

“मागेपुढे करून काढेन मी.”

“त्या सुट्या मुरुमावर?” मिस्त्री म्हणाला. “उतारावर थांबलात की घसरलात. आणि मागे आई झोपलेली असेल.”

तरी त्याने पुन्हा खाली शिरून सगळे वॉशर काढले. या खेपेला वळणाच्या मध्यावर टायर चेसिसला टेकला आणि किंचाळला, आणि वीट फुटायची ती फुटलीच. इकडे आड, तिकडे विहीर. मिस्त्रीने मुकाट्याने वॉशर परत घातले.

“ताई, तू विटा फार जवळ मांडल्यास,” धाकटा म्हणाला. “वळण एवढं अरुंद नाहीये.”

“आहे रे.”

“शाळेतलं आठवून सांगतेस तू! थोड्या बाहेर घे. हातभरच घे ना, ताई.”

त्याचा आवाज फाटला. ताईने वाकून बाहेरच्या विटा एकेक करून हातभर पलीकडे सरकवल्या.

गाडी अलगद वळली. एकही वीट हलली नाही.

पण खिंडीतली दरी काही हातभर सरकणार नव्हती. धाकट्याने विटांकडे बघितलं, मग भावजींकडे. मिस्त्रीने मान खाली घातली आणि तो उगाचच हात पुसू लागला. धाकट्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“मी निघते,” ताई म्हणाली. “चालत गेले तर उजाडेपर्यंत पोचेन.”

“जाऊन करणार काय तू?” धाकट्याने विचारलं.

“बसेन उशाशी,” ती म्हणाली, आणि खाली बसून चपलांचे पट्टे आवळू लागली.