अंगठीवरचा मध
बारशाला सासूबाईंनी सोन्याची अंगठी मधात बुडवून नातवाच्या ओठांपाशी नेली आणि दर्शनाने त्यांचा हात धरला. गावात कुणाला खोकला होवो की कुणाचा हात भाजो, औषध म्हणून मध याच घरातून जायचा. हा तर सासऱ्यांनी नातवासाठी कड्यावरून आणलेला. माश्या डसून त्यांचा डोळा सुजला होता. “आई, वर्षाच्या आत बाळाला मध नको. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बजावलंय. कोवळ्या पोटात त्याचं विष होऊ शकतं.” “अगो, ह्याच्या बापसाला मीच चाटवला. मेला काय तो?” “नाही. पण मला भीती वाटते.” दर्शनाचा हात सुटला नाही. सासूबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग ओटीवरच्या नवऱ्याच्या सुजल्या डोळ्याकडे. “मग तू आ कर,” त्यांनी अंगठी सुनेच्या जिभेवर टेकवली. “दुधातून पोचेल त्याला.”