खालच्या सुराची बासरी

मुलांनो, तुमच्याहून उंच बासरी डोळ्यांसमोर आणा. तिच्या खालच्या सुरानं खिडकीची काचसुद्धा थरथरते.

संध्याकाळी भुंगीच्या आत्याची याच बासरीची मैफल होती आणि संथ प्रेमधुनेची एक लांब ओळ काही केल्या तिच्या दमात बसत नव्हती. अखेर तिनं सुरांच्या कागदावर मध्येच श्वास घ्यायची खूण पेन्सिलीनं केली, पेन्सिल भुंगीकडे दिली आणि ओळ पुन्हा वाजवली. खुणेपाशी ती श्वासासाठी थांबली. सूर थांबला नाही.

"भुंगे, गुणगुणू नकोस गं!"

"मी कुठे? पेन्सिल होती की माझ्या तोंडात," भाची म्हणाली. "तूच वाजवतेयस ना?"

गोंधळलेल्या आत्यानं बासरी मांडीवर ठेवली. सूर चालूच राहिला. हळूहळू त्यालाही धाप लागली.

भुंगीनं पेन्सिल उचलली आणि कागदावर पुढच्या स्वरावर त्या सुरासाठीही श्वासाची एक खूण केली.