शेवटच्या तासाचे टाळ

बस घाटाच्या पहिल्याच वळणावर आली आणि साळोखेंच्या कानातल्या चिपेत टाळ वाजू लागले. प्रत्येकाच्या कानातली ही चिप पुढचं आधीच ओळखते. घरात बाळ येणार असेल तर पाळणा ऐकवते, लग्न व्हायचं असेल तर सनई. अंत्ययात्रेतले टाळ मात्र फक्त शेवटच्या तासाला. आजवर ती चुकलेली नाही.

साळोखेंनी ऑफिसात फोन लावला. “साहेब, माझे टाळ सुरू झाले.”

“अरेरे. मग उद्याची रजा आत्ताच टाकून ठेवा.”

शेजारच्या सीटवरच्या आजी गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसल्या होत्या.

“आजी, तुमचेपण?”

“मघापासून,” आजी पुटपुटल्या.

साळोखेंनी मागे पाहिलं. अख्खी बस त्याच ठेक्यात, पांढऱ्याफटक चेहऱ्याने डुलत होती.

ते धडपडत ड्रायव्हरपाशी गेले. “दादा, गाडी थांबवा! सगळ्यांचे टाळ वाजतायत!”

“माझी तर सकाळपासून सनई चाललीय,” ड्रायव्हर लाजत म्हणाला. “चाळिशीत जमलं बघा एकदाचं. लग्न लागेपर्यंत मला काय होत नाय.”

आणि मुलीचा फोटो दाखवायला त्याने स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी खिसे चाचपले.