लाल कान

दाराची कडी वाजली आणि दुपारची निजलेली दीपनगर वसाहत जरा कुशीवर वळली. दारात शेजारचा हिलाल प्रमिलाच्या नवऱ्याला धरून उभा. “वहिनी, बढतीची पार्टी होती. एकाच घोटमा भाऊना टमाटा व्हई गया.” नवरा ओशाळं हसत पलंगावर लवंडला. कान पळसासारखे पेटलेले. डॉक्टर म्हणाले होते, “दारू पचवणारं यकृतातलं विकर यांच्यात अधू आहे, पिणं जमायचं नाही.” त्या दिवशी तिने देवापुढे साखर ठेवली. तिचे वडील बाटली रिचवायचे, कान गव्हाळच राहायचे. दारूपायी शेत गेलं, आईही गेली. मुलात काय उतरेल, डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. पंख्याच्या संथ वाऱ्यात ती लाल कानांकडे बघत बसली, देवघरातल्या समईकडे बघावं तशी. मुलाने बापाला बिलगून त्याचा गरम कान चाचपला, मग स्वतःचा. “आई, माझे कान कुणावर गेलेत गं?”