पाठमोरी मुलगी

"बाबा, एकदा जपानीतून बघा ना," केतकी मागे लागायची. पण सबटायटल्स वाचायचा दिगंबररावांना कंटाळा. म्हणून तिच्या लाडक्या ॲनिमेचा तो भाग बापलेकीनं इंग्रजीतूनच पाहिला होता. त्यात पुलावर पाठमोरी उभी असलेली मुलगी फोनवर वडिलांना म्हणते, "मी मजेत आहे. काळजी करू नका."

केतकीच्या तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर त्यांनी तोच भाग जपानीतून लावला. तोच पूल, तोच फोन. मुलगी मात्र अवाक्षरही बोलत नव्हती. ओठ दिसत नाहीत, म्हणून इंग्रजीवाल्यांनी तिच्या तोंडी ते शब्द घातले होते. मुळात नुसता श्वास होता.

केतकीचा होस्टेलवरून आलेला शेवटचा फोनही असाच होता. पोर गप्पच होती.

"मजेत आहेस ना? छान!" असं आपणच बोलून दिगंबररावांनी तो ठेवून दिला होता.