घोडीची खोट

घोड्यांचं प्रदर्शन चार दिवसांवर आलं आणि मोतीलालच्या घोडीवर पाचवं खोगीरही डावीकडे घसरलं. घोडीच्या पाठीतच खोट असली तर तिला दाखवायची कशी, या विचारानं त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

खोगीर शिवणाऱ्या तेजरामभाऊंनी त्याला खाली उतरवलं, त्याचंच जुनं खोगीर कसलं आणि त्याच्या पोरीला, दामिनीला, वर चढवलं. मैदानाला तीन चकरा झाल्या, पण खोगीर जागचं हललं नाही.

"घोडी ठणठणीत हाये. तुझा पाय मोडला तवापासून तूच डावीकडे कलून बसून राहिला."

"म्हणजे खोट माझ्यातच हाये!" मोतीलालनं आनंदानं घोडीच्या गळ्यात हात टाकले.

तेजरामभाऊ म्हणाले, "दोन साल झाले तुले असं कलून बसता. एकदा तरी पाडलं का तिनं तुले?"