मानपत्रावरचा चेहरा

तीस वर्षं ऑफिस लख्ख ठेवणाऱ्या मावशींचा चार वाजता निरोपसमारंभ, आणि मानपत्रावर त्यांच्या चेहऱ्याचा नुसता चिखल! ऑफिसचा कॉम्प्युटर ऑपरेटर चक्रावला. डेटाबेसमधला फोटो पडद्यावरच्या चौकटीत ठीक दिसायचा, नेटवर्कवरून प्रिंटरला पाठवला की विस्कटायचा. सेटिंग बदललं, केबल थेट लावली, नवी शाई भरली, चिखल तसाच. साहेबांच्या फोटोत मात्र मिशीचा प्रत्येक केस उमटला. शेवटी त्याने मूळ फोटो उघडला. नखाएवढाच निघाला, कडेला कुणाचा तरी खांदा. त्याने मावशींना बोलावून घेतलं. “मावशी, हा कुठला?” “सगळ्यांचा दरवर्षी काढतात ना, त्यातून कापून दिला. मागच्या रांगेत दाराशी असते मी. माझा वेगळा कोण काढतंय?” “मी काढतो.” त्याने भिंतीपुढे खुर्ची मांडली, मोबाइल उचलला. मावशी केस सावरत खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. “अहो, खुर्चीत बसा.” त्या पुरत्या गोंधळल्या. “मग साहेब कुठे बसतील?”